तेलाचं विरजण

आई, खंडेनवमीला तुझ्या मोटारीत अमेरिकेचं तेल घातलं. तुला न विचारता घातलं हे खरं. पण तुला विचारायची सोय संपून एक तप होत आलं, आणि ती होती तेव्हाही मोटारीच्या बाबतीत तू मला विचारू देत नव्हतीस, फक्त ऐकू देत होतीस. मोटार अजून तिथंच उभी असते, कडुनिंबाखाली. तिच्या भोंग्याचा आवाज ऐकला की अजूनही एखादी म्हातारी दारात येते. मोडनिंबपर्यंतच्या वस्त्यांत तो भोंगा वाजला की लोक म्हणायचे, "डॉक्टरीणबाई आल्या, आता सुटंल बया." आता त्या मोटारीतून एक संस्कृतचा मास्तर उतरतो. कुणाचीच सुटका होत नाही. वर्गातल्या मुलांची तर नाहीच. धाकट्याला तू इंजिनिअर केलंस आणि मला संस्कृतला पाठवलंस. का, म्हणून विचारलं तेव्हा म्हणालीस, "घरात एक तरी माणूस असा हवा की ज्याला अवेळी कुणी बोलवायला येणार नाही." तुझं निदान नेहमी बरोबर असायचं.

तुझी खंडेनवमी मला अजून डोळ्यांसमोर दिसते. सकाळी दवाखान्याच्या कात्र्या, चिमटे पाटावर मांडलेत, त्यांना हळदकुंकू वाहिलंय, आणि तू नऊवारीचा काष्टा घट्ट करून मोटारीच्या पुढच्या चाकाशी बसली आहेस. इंजिन थोडं तापवून घेतलंय. बुडाचा नट सैल केला की काळं तेल घमेल्यात पडायला लागतं. धाकटा वाकून बघतोय, मी लांबून, कारण माझं सोवळं. मग नवं तेल, पेट्रोलपंपावर पिंपातून मापानं मिळायचं ते. आणि ते ओतून झालं की तू कान तुटलेला चहाचा कप घमेल्यात बुडवायचीस आणि एक कपभर काळं तेल पुन्हा इंजिनात. उपकरणं खळखळ उकळून घेणारी, बाळंतिणीच्या खोलीत धुतल्या हातांशिवाय नवऱ्यालाही न सोडणारी तू, आणि हे! मी एकदा म्हटलं, "आई, याला शास्त्राधार काय?" तू माझ्याकडे न बघता म्हणालीस, "आज रात्री दही लावताना शास्त्राला विचार. कालचं थोडं उद्यात असू दे, म्हणजे इंजिनाला परकं वाटत नाही." उरलेलं तेल मग फाटकाच्या बिजागऱ्यांना, रहाटाला आणि शेजारच्या हातमागवाल्यांना. ती रीत मी चालू ठेवली. वेदपठणात एवढी निष्ठा दाखवली असती तर नाव निघालं असतं.

यंदा नवरात्रात धाकटा अमेरिकेहून आला. तू गेल्यानंतर पहिल्यांदाच. तार त्याला मिळाली तेव्हा तुझ्या अस्थी भीमेत जाऊन चुकल्या होत्या, आणि मग यायचं कशाला, असं त्याने लिहिलं होतं. मीही ये म्हटलं नाही. आता आला तो पेटीत तेलाचे डबे घेऊन, टर्किश टॉवेलांत गुंडाळून. सोलापुरात बाहेरून टॉवेल आणणारा पहिला माणूस आपल्याच घरात निघावा! डबे त्याने तुझ्या फोटोखाली ओळीने मांडले. मग मला म्हणाला, "दादा, हे आईच्या गाडीसाठी. हे जमिनीतून उपसून गाळलेलं तेल नाही, रसायनशाळेत घडवलेलं आहे. आपल्या वैशाखातसुद्धा पाण्यासारखं पातळ होणार नाही, काजळी धरणार नाही."

"म्हणजे अयोनिज," मी म्हटलं.

"तू सुरू होऊ नकोस हं."

"सीतामाईला निदान जमीन तरी होती."

"दादा!"

तू असतीस तर म्हणाली असतीस, बाळंतपणाशिवाय जन्मलेल्या वस्तूवर माझा भरवसा नाही. पण तू फोटोत होतीस, आणि डबे तुझ्या पायाशी.

खंडेनवमीला आपले मोटारीचे मिस्त्री आले. आता त्यांचेही गुडघे वाजतात. त्यांनी डबा उचलला, हलवला, झाकणाचा वास घेतला आणि खाली ठेवला. "मास्तर, पंपावरचं साधं तेल घाला की. जलमभर भाकरी खाल्लेल्या म्हाताऱ्याला एकदम परदेशी जेवान वाढलं, तर पोट बिघडंल का न्हाय?"

"म्हातारी झाली म्हणूनच चांगलं तेल हवं, मिस्त्री," धाकटा म्हणाला. "नाहीतर कधीतरी वाटेत बसेल."

"बरं, चांगलं म्हना. पर सवय लागल्यावर पुढल्या साली कुटनं आणायचं? हितं तर मिळत न्हाय."

"पुढल्या साली आमचे धाकटेच घेऊन येतील की," मी म्हटलं. धाकट्याने डब्यावरचा मजकूर वाचायला घेतला. तो त्याचा पाठ असावा.

तरीही मी नाही म्हणणार नव्हतो. पेटीतले स्वतःचे कपडे काढून त्याने डबे भरले होते, हे मला दिसत होतं. तुझ्यासाठी काहीतरी त्याच्या हातून व्हायला हवं होतं, आणि त्याला करता येण्यासारखं एवढंच उरलं होतं. तेल निथळलं. घमेलं भरलं. त्याने बाह्या सारून डबे ओतायला घेतले, आणि मी सवयीने तो कप आणला. तो भडकला. "ते नाही. नवं तेल म्हणजे पूर्ण नवं. इतक्या लांबून आणलेल्या स्वच्छ तेलात घाण कालवायची? आईचं एक ठीक होतं, तिला कुणी सांगणारं नव्हतं."

"तुला कुणी सांगणारं आहे, म्हणून सांगतो," मी म्हटलं. वादात मागे हटायचं नाही, ही आमच्या पाठशाळेची खोड. "तिने शेवटच्या खंडेनवमीला तेल बदललं, त्यातला एक कप पुढल्या साली परत गेला. त्यातला त्याच्या पुढल्या साली. विरजण आहे हे. तू ज्याला घाण म्हणतोस ना, त्यात तिने ओतलेलं थोडं अजून आहे."

हातातला डबा त्याने खाली ठेवला. घमेल्याशी उकिडवा बसला, तू बसायचीस तसाच, आणि काळ्या तेलाकडे बघत राहिला. ओठ हलत होते. मला वाटलं स्तोत्र म्हणतोय, पण तो हिशेब करत होता. मग हळूच म्हणाला, "फार थोडं उरेल, दादा. पण शून्य नाही होत. कितीही वेळा केलं तरी शून्य नाही होत."

मिस्त्री मध्येच म्हणाले, "पर मास्तर, दुष्काळाच्या साली तर आपुन…"

"मिस्त्री, चहा निवतोय," मी म्हटलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग धाकट्याकडे, आणि बशी उचलली.

धाकट्याने कप बुडवला. दोन्ही हातांनी धरून उठला, आणि तर्पणाचं पाणी सोडावं तसं ते तेल एका बारीक धारेनं इंजिनात सोडलं. धार तुटेपर्यंत तो वाकलेलाच होता. मी बॉनेटवरचे झेंडू सारखे करत राहिलो. बोटं त्याने चिंधीला पुसली नाहीत. खिशातल्या रुमालाला पुसली, रुमालाची घडी केली आणि परत खिशात ठेवली. मग नारळ फोडला, आणि अक्कलकोट रस्त्याने एक फेरी मारून आलो. गाडी त्याने चालवली. इंजिनाचा आवाज खरंच मऊ झालाय. हे मी त्याला सांगितलं नाही. एवढं कौतुक त्याला सोसलं नसतं. परवा तो परत गेला. जाताना टॉवेल इथंच ठेवून गेला.

आता मिस्त्री काय म्हणत होते ते. तुला सांगायला हरकत नाही. दुष्काळाच्या वर्षी, वाऱ्यात नुसती धूळ होती तेव्हा, मोडनिंबच्या वाटेवर इंजिन बसलं. मिस्त्रींनी ते उतरवलं, सगळं सुटं केलं आणि रॉकेलने धुतलं. पुन्हा धुतलं. मी उभा राहून बघत होतो. सगळं लखलखीत झालं, आणि त्या वर्षी परत ओतायला काही नव्हतं. पुढल्या साली मी कप पुन्हा सुरू केला, पण तुझं त्यात काही उरलेलं नव्हतं, आई. धाकट्याशी बोलताना हे मला ठाऊक होतं. वाद जिंकायला बोललो, आणि त्याचा चेहरा पाहिल्यावर मागे घेता आलं नाही. घ्यावंसंही वाटलं नाही.

हे खरं त्याला लिहायला हवं. त्याचा पत्ताही समोर आहे. पण लिहायला बसलो आणि वर तुझं नाव आलं. पाकीट चिकटवत नाही. मोटारीच्या खणात तुझ्या गॉजच्या घड्या आहेत, त्यांच्याखाली ठेवून देतो. पुढच्या खंडेनवमीला तो येवो न येवो, मी कप बुडवीन, तेव्हा त्यात त्याच्या हातचं थोडं असेल. तेवढं मात्र खोटं नाही.