बाकाचं शेवटचं टोक

ब्रॅडक्रिक, पेनसिल्वेनिया
९ जून १९९६

ती. मिल्काताईस,
धाकट्या एमिलचा सप्रेम नमस्कार. वि. वि. तुझं पत्र नाही म्हणून मीच लिहितो. माझा गुडघा तसाच आहे. वाईट बातमी अशी की आपले हॅमर्स गावातून चालले. मालकाने संघ दूरच्या शहराला विकला. सप्टेंबरच्या पहिल्या रविवारी शेवटचा सामना, मग स्टेडियम पाडणार. पोलादाचा कारखाना बंद पडला तेव्हा लोक म्हणायचे, निदान बेसबॉल तरी आहे. आता काय म्हणतील?

आठवतं का, बाबा कारखान्यातली पाळी संपवून तशाच काळ्या हातांनी आपल्याला मैदानावर न्यायचे, आणि तू पंचाला चष्मा लाव म्हणून ओरडायचीस. तेव्हा उभं राहायला जागा नसे. आता आपल्या रांगेत मी आणि ओटिस म्हणून एक नवा शेजारी, एवढेच.

काल आपल्या पिचरने, म्हणजे चेंडू टाकणाऱ्याने, सातव्या डावापर्यंत समोरच्यांना एकही फटका मारू दिला नव्हता. रीत तुला ठाऊकच आहे. अशा वेळी ती गोष्ट तोंडातून काढायची नाही, पिचरशी बोलायचं नाही, त्याच्या शेजारी बसायचं नाही. तो बाकाच्या शेवटच्या टोकाला एकटा, सगळे चिडीचूप. तेवढ्यात ओटिस म्हणाला, अरे, याला अजून कुणी मारलेलंच नाही की. पुढच्याच चेंडूला फटका बसला. मी म्हटलं, मेल्या, जिभेला काही हाड? तर म्हणतो कसा, चेंडूला कान असतात हे मला माहीत नव्हतं, आजोबा.

शेवटच्या सामन्याला ये. तुझं तिकीट घेऊन ठेवतो. तिकडे ऊन फार असेल.
लोभ जुनाच आहे, तो विटू देऊ नकोस.
तुझा एमिल

टूसॉन, अॅरिझोना
३० जून १९९६

चि. एमिल यास अनेक आशीर्वाद.
वि. वि. ओटिसला माझा नमस्कार सांग, मला तो आवडला. हॉस्पिटलात हाताला नळी लावून बसवतात, तेव्हा शेजारची बाई विणकाम करते आणि मी तुझं पत्र वाचते. केस सगळे गेले, म्हणून हॅमर्सची टोपी घालते. नर्सने विचारलं हा कुठला संघ, मी म्हटलं, हरणारा.

मार्चमध्ये डोरीनने तुला फोनवर माझं सगळं सांगितलं, तर तू तिकडे पाऊस आहे का विचारून फोन ठेवलास म्हणे. पोरगी अजून मामावर रागावलेली आहे. मी रागावले नाही, पण वाट पाहते आहे. सामन्याला येणं जमेलसं दिसत नाही.
जिवाला जप.
मिल्का

ब्रॅडक्रिक
२१ जुलै १९९६

ती. ताईस सप्रेम नमस्कार.
वि. वि. आपण पुन्हा हरलो. मैदानावरचं सॉसेजही पूर्वीसारखं राहिलं नाही, सगळं पाणी. हंगाम सुरू झाल्यापासून मी तोच निळा सदरा घालून, त्याच खुर्चीत बसतो. सदरा धुतलेला नाही, धुतला की नशीबही धुऊन जातं म्हणतात. ओटिस एक खुर्ची सोडून बसतो आणि म्हणतो, एवढ्या वासाने तरी समोरचा संघ पळायला हवा होता. मी म्हटलं, हे हॅमर्ससाठी नाही. कशासाठी ते त्याला सांगितलं नाही. तुलाही लिहीत नाही. समजून घे.

तुझं तिकीट माझ्यापाशी आहे. छपराचं पन्हाळ गळतंय.
आहे तशी माया असू दे.
एमिल

टूसॉन
११ ऑगस्ट १९९६

चि. एमिल यास आशीर्वाद.
वि. वि. सदऱ्याचं वाचून हसले, मग रडू आलं. आईच्या आजारपणातही तू असाच गप्प होतास. मला वाटायचं, याला काही वाटतच नाही. तू जपत होतास हे आता कळतंय.

पण एक ऐक. बाबांनी कारखान्याच्या संघाकडून पिचर म्हणून खेळताना एकदा एकही फटका न देता सामना संपवला होता. सगळं गाव ती दुपार सांगायचं, बाबा कधीच सांगत नसत. मी विचारलं तेव्हा म्हणाले, मिल्का, इतका एकटा मी जन्मात पडलो नाही, कुणी पाणी प्यायलास का एवढंसुद्धा विचारलं नाही.

एमिल, मार्चपासून मी बाकाच्या त्या टोकाला बसले आहे. डॉक्टरांनी आता औषध थांबवलं. तू बोलल्याने काही बिघडेल असं उरलेलं नाही.
तुझी मिल्का

ब्रॅडक्रिक
२९ ऑगस्ट १९९६

ती. ताईस,
एमिलचा नमस्कार. वि. वि. कर्करोग. हा शब्द लिहायला कितीतरी कागद फाडले. रात्री दुखतं का? जेवण जातं का? भीती वाटते का? हे मार्चमध्येच विचारायचं होतं. मूर्खपणा केला आणि त्यात उन्हाळा गेला.

रविवारची दोन्ही तिकिटं ओटिसला दिली. तो म्हणाला, आजोबा, जन्मभर पाहिलात आणि शेवटचाच सामना सोडता? मी म्हटलं, त्यांना निरोप द्यायला गाव आहे. शनिवारच्या बसने निघतो. विमानाची मला भीती वाटते, हे तुला माहीत आहेच.

सदरा आज सकाळी धुतला. तो दोरीवर असताना राहवेना, म्हणून डोरीनला फोन करून विचारलं, ताई उठली का. ती म्हणाली, उठून कॉफी पितेय, मामा.

जराशी सरकून बस. मी येतोय.
तुझा
एमिल