नैतिक विजय, चार मतांनी

५ जानेवारी २००८, शनिवार. बॉन.

अमेरिकेत अध्यक्षपदाच्या प्रायमऱ्या, म्हणजे पक्षातल्या पक्षात उमेदवार ठरवायच्या निवडणुका, सुरू झाल्या. काल ऑफिसात दिवसभर तेच वाचलं. टेलिकॉम कंपनीत बिलिंग सॉफ्टवेअर टेस्ट करणाऱ्या माणसाला जगाची खबर नको का? बॉस म्हणाला, नको.

तिथल्या पुरोगाम्यांचं भांडण अगदी आपल्यासारखंच आहे. तत्त्वाचा माणूस निवडायचा, की निवडून येणारा? मला हा प्रश्नच कळत नाही. तत्त्वाचा निवडला की तो निवडून आलाच ना!

आमच्या र्‍हाइन मराठी मंडळात शरदचंद्रकाका नऊ वर्षं अध्यक्ष आहेत. त्यांचा लाडका नियम: आई-वडील दोघंही मराठी असतील तरच सभासद. सभासद तनयची जर्मन बायको साबिन गणपतीत शंभर माणसांचे मोदक वळते. सभासद नाही. रविवारचा मराठी वर्ग फक्त सभासद जोडप्यांच्या मुलांना, म्हणून तिच्या मुलाला, लेओला, आणि धाकटीला दारातून परत पाठवलं. मोदक मात्र आत घेतले.

दर वेळी पुरोगामी मंडळींचे दोन-दोन उमेदवार उभे राहतात आणि काका हसत निवडून येतात. उपाय सुचला. आपणही आधी आपल्यात प्रायमरी घ्यायची. एकच उमेदवार. उभं मलाच राहावं लागेल, दुसरं आहे कोण?

बायकोला, मालिनीला, सांगितलं. ती म्हणाली, बाकीच्यांना विचारलंस का? बायकांना दूरचं दिसत नाही.

१२ जानेवारी, शनिवार

आमच्याकडे बैठक. प्रायमरी सर्वांना पटली. हरणाऱ्याने जिंकणाऱ्याला पाठिंबा द्यायचा, हा नियम मीच मांडला. टाळ्या. मग उमेदवार कोण विचारलं, तेव्हा मी विनयाने खाली बघत होतो. वर बघितलं तर सुमेधाचा हात वर.

सुमेधा! युनिव्हर्सिटीत बायोकेमिस्ट्री करते. मंडळात दोन वर्षं खुर्च्या मांडण्यापलीकडे हिने काय केलंय?

तिचं म्हणणं असं. सभासदत्वाचा नियम घटनेत आहे. तो बदलायला दोन तृतीयांश मतं लागतात, ती आपल्याकडे नाहीत. पण वर्गात कुणाला घ्यायचं हे अध्यक्ष आणि कमिटी ठरवते. म्हणून आधी अध्यक्षपद जिंकू, एप्रिलपासून वर्ग सगळ्या मुलांना उघडू. सभासदत्व पुढच्या वर्षी.

मी म्हणालो, न्याय हप्त्यांनी मिळत नाही. वाक्य जबरदस्त आहे. पुन्हा वापरायचं.

मालिनी दडपे पोहे सुमेधाला दोनदा वाढत होती. लक्षात ठेवलंय.

२० जानेवारी, रविवार

प्रचाराला आखन शहरात गेलो. तिथे प्रसन्न पीएचडी करतो. विद्यार्थी सभासदांची मतं त्याच्या शब्दावर फिरतात. होस्टेलच्या किचनमध्ये सभा. माझा अकरा कलमी जाहीरनामा पूर्ण वाचला. सातव्या कलमाला कुणाचा तरी कुकर तीन शिट्ट्या देऊन गेला, पण मी थांबलो नाही.

एका मुलीने विचारलं, विद्यार्थ्यांची वर्गणी कमी करणार का? मी म्हणालो, आपण इथे समतेबद्दल बोलतोय, असल्या बारीकसारीक गोष्टींबद्दल नाही. प्रसन्न प्रत्येक वाक्याला ‘गेनाऊ, गेनाऊ’ म्हणत होता. जर्मनमध्ये याचा अर्थ ‘अगदी बरोबर’. आखन खिशात.

परतीची गाडी चुकली. जिंकणाऱ्याला असल्या गोष्टी लागत नाहीत. थंडी मात्र लागली.

३१ जानेवारी, गुरुवार

या देशाचा कार्निव्हल म्हणजे शुद्ध रानटीपणा. आज बायकांचा दिवस. बायका कात्री घेऊन ऑफिसात हिंडतात आणि पुरुषांचे टाय कापतात. मी आज मुद्दाम चांगला रेशमी टाय घातला होता, कारण संध्याकाळी सुमेधाच्या घरी जाहीर वादविवाद. अकाउंट्सच्या बाईने गाठीखाली चार बोटांवर कापला. वर गालाचा पापा घेतला. गळ्यात उरलेल्या तुकड्यासकट वादविवादाला गेलो. सुमेधाने बघितलं आणि हसली. ही तिची पातळी.

मी सुरुवातीलाच सांगून टाकलं की तडजोड करणारे हे शरदचंद्रकाकांची बी टीम आहेत. सुमेधा चिडली नाही. हीच तर तिची लबाडी. तिने एवढंच विचारलं: नागेश, एप्रिलमध्ये वर्ग उघडलेला तुला हवाय की नकोय?

मी म्हणालो, प्रश्न चुकीचा आहे.

ती म्हणाली, बरं, मग बरोबर प्रश्न कोणता?

त्यावर मी बोललो. बराच वेळ बोललो. मग साबिन उठली. तिचं मराठी मोडकं, पण स्वच्छ. म्हणाली, लेओ सात वर्षांचा आहे. त्याची आजी पुण्याहून फोन करते, तो फोन घेऊन उभा राहतो. तुम्ही सगळे छान बोलता. माझ्या मुलांचं काय?

तिच्या दुःखाचं ऐतिहासिक महत्त्व मी तिला समजावून सांगितलं. नियम पूर्ण गेल्याशिवाय वर्गात बसणं म्हणजे मागच्या दाराने जाणं, आणि तिच्या मुलांनी असं जावं हे मला कसं सहन होईल? ती ऐकता ऐकता कोट घालून बसची वेळ झाली म्हणून गेली. भारावली होती.

९ फेब्रुवारी, शनिवार

प्रायमरी झाली. सुमेधा सात, मी दोन.

पैकी एक मी. दुसरं अर्थातच मालिनीचं. तिला विचारलं, तर म्हणाली मतदान गुप्त असतं. घरातसुद्धा?

रात्री जेवताना उर्जाने विचारलं, पापा, हास्ट दू फेरलोरेन? म्हणजे हरलास का. मुलगी दहा वर्षांची झाली, मराठी सगळं कळतं, पण उत्तरं आणि अपमान जर्मनमध्येच. मी म्हणालो, नाही, हा नैतिक विजय आहे. तिने आईकडे बघितलं. आईने भाजीकडे.

निश्चय: दिलेला शब्द पाळायचा. सुमेधाला पूर्ण, मनापासून, बिनशर्त पाठिंबा.

१० फेब्रुवारी, रविवार

बिनशर्त हा शब्द काल घाईत लिहिला.

१७ फेब्रुवारी, रविवार

शरदचंद्रकाकांचा फोन! चार वर्षांत पहिला. उर्जाची चौकशी केली, माझ्या पाठदुखीची केली. मग म्हणाले, नागेशराव, आपले मतभेद असतील, पण तुमच्यासारखी तत्त्वाची माणसं आता राहिली कुठे? सुमेधा हुशार आहे हो, पण ती शेवटी हिशेबी. मग सहज म्हणाले की अर्ज भरायला अजून आठवडा आहे. मी काही सुचवत नाही, हेही दोनदा म्हणाले.

मी त्यांना पुरतं ओळखून आहे. म्हातारा घाबरलाय. सुमेधाची त्याला भीती नाही, माझी आहे. नाहीतर फोन मला का केला असता?

विचार केला. नऊ माणसांच्या प्रायमरीला काय अर्थ? त्यातही दोघांना कार्निव्हलची सर्दी. आणि पाठिंब्याचा नियम मीच मांडला होता, तर तो मागे घ्यायचा अधिकारही माझाच.

२४ फेब्रुवारी, रविवार

अर्ज भरला. अपक्ष. तत्त्वासाठी.

प्रसन्नला फोन करून सांगितलं. तो या वेळी ‘गेनाऊ’ म्हणाला नाही. म्हणाला, नागेशदादा, पोरांची वर्गणी अर्धी करायचं सुमेधाताईंनी कबूल केलंय, आम्ही सगळे तिकडे आहोत. अर्ध्या वर्गणीला विकली गेली तरुण पिढी! आखन शहरावर माझा कधीच विश्वास नव्हता.

मालिनीला दुपारी कळलं. एरवी मला अरे-तुरे करते. आज ‘अहो’वर आली. म्हणाली, अहो, तुम्हाला तो नियम बदलायचाच नाहीये. तुम्हाला फक्त नियम बदलणारा व्हायचंय.

मी म्हणालो, या दोन्हींत फरक काय?

ती उठून आत गेली. उत्तर नसलं की माणसं उठून जातात.

८ मार्च, शनिवार

निवडणूक. चर्चचा हॉल, कॉफी पाणचट, काकांच्या गटाची माणसं पहिल्या रांगेत. माझं भाषण उत्तम झालं. न्याय हप्त्यांनी मिळत नाही, हे तिन्ही वेळा रंगलं. साबिन मुलांना घेऊन मागे उभी होती. मत नाही, पण निकाल ऐकायला आली होती. लेओने केस पाणी लावून चापून बसवले होते.

शरदचंद्रकाका एक्केचाळीस. सुमेधा अडतीस. मी चार.

 सगळा हॉल हळूहळू माझ्याकडे वळला. मंडळात इतकं लक्ष माझ्याकडे यापूर्वी कधी गेलं नव्हतं.

लोक आता काय वाट्टेल ते म्हणतायत. म्हणे तुझी चार तिला गेली असती तर. का? तिची अडतीस मला आली असती तर? बेचाळीसच होतात. तिने माघार घ्यायला हवी होती. हा साधा हिशेब एकाही पुरोगाम्याला सुचू नये!

तनय माझ्या अंगावरच आला. दोघांनी धरलं. सुमेधाने त्याला बाजूला नेलं, आणि जाताना मला म्हणाली, तू आज काकांना निवडून आणलंस, एवढं तरी घरी जाऊन आरशात बघून म्हण. इतकी विषारी बाई मी पाहिली नाही.

काकांनी मात्र मिठी मारली. वासावरून अत्तर महागाचं.

साबिनने मुलांचे कोट चढवले, बटणं लावली, टोप्या घातल्या. सगळं सावकाश. दाराशी माझ्यासमोर थांबून म्हणाली, डांके, नागेश. धन्यवाद. अगदी हळू आवाजात. डोळे भरलेले. निदान एकीला तरी माझी किंमत कळली.

गाडीत मालिनी पुढे बसली नाही. मागे, उर्जाजवळ.

२९ मार्च, शनिवार

घरात कट शिजला होता, मला पत्ता नव्हता. सुमेधा आणि मालिनीने मंडळाबाहेर मराठी वर्ग काढलाय. दर शनिवारी सकाळी. सगळ्यांच्या मुलांना खुला. कुठे? माझ्या घरात! माझ्या खोलीत!

मी विरोध केला. मंडळाबाहेर वर्ग म्हणजे पराभव मान्य करणं, जुन्या नियमाला मोकळं रान देणं. मालिनीने हँगरवरून माझा कोट काढला आणि हातात दिला.

समोरच्या बेकरीत बसलो. काचेतून दिसत होतं. साबिन लेओला आणि धाकटीला घेऊन आली. आखनहून प्रसन्न आला, बगलेत फळा. आणि मग, डोळ्यांवर विश्वास बसेना, शरदचंद्रकाकांची सून स्वतःच्या दोन मुलांना घेऊन आली. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना बघून पटकन आत शिरली.

हे सगळे मिळून शेवटी तडजोडच करणार. मी बेकरीवालीला सांगितलं. ती म्हणाली, आणखी कॉफी?

१२ एप्रिल, शनिवार

काकांना माझी कदर आहे. मला मंडळाचा ‘तत्त्व सल्लागार’ नेमलं. नवीन पद, खास माझ्यासाठी. आणि आज पाडव्याच्या कार्यक्रमात सत्यनारायणाच्या पूजेला यजमान म्हणून सपत्नीक बसायचा मान. मी असल्या गोष्टी मानत नाही. पण आत शिरल्याशिवाय बदल घडत नाही, आणि कधीकधी व्यवहार बघून एकेक पायरी चढावी लागते. हे मात्र कुणी समजून घेत नाही.

मालिनी म्हणाली, शनिवारी वर्ग असतो. एवढंच.

एकटाच गेलो, सोवळं नेसून. गुरुजी एरवी सॉफ्टवेअर कन्सल्टंट आहेत. म्हणाले, पत्नी नसली तर कमरेला सुपारी लावून बसता येतं. काकांच्या माणसांसमोर सुपारी खोचून बसलो. कलशाला वाकून नमस्कार केला, तेव्हा ती निसटली आणि गडगडत खुर्च्यांखाली गेली. गुरुजी माईकवर म्हणाले, यजमान, बायको सांभाळा. हॉल हसला. काका सगळ्यात जास्त. गुरुजींनी दुसरी दिली.

चारच्या सुमारास घरी आलो. वर्ग कधीच सुटला होता. माझ्या खोलीत खडूचा वास, टेबलावर बिस्किटांचा चुरा, माझी खुर्ची खिडकीशी ढकललेली. उर्जा फळा पुसत होती. मला बघून थांबली आणि म्हणाली, थांब, हे वाच ना, लेओने लिहिलंय. त्याचं पहिलं वाक्य. आज त्याने फोनवर आजीलाही वाचून दाखवलं.

मराठीत म्हणाली. घरात शिकवणारा मी, आणि मुलगी बोलायला लागली ती या वर्गामुळे, असं आता हे लोक म्हणणार.

फळ्यावर वाकड्यातिकड्या अक्षरांत होतं: नागेशकाका बाहेर आहे.

‘आत’ आणि ‘बाहेर’ शिकवलं म्हणे आज. मुलांना उदाहरण हवं होतं, म्हणून सगळ्यांनी खिडकीतून बेकरीकडे बघितलं. गेले दोन शनिवार मी तिथे बसलो होतो, आज नव्हतोही. तरी लिहिलंच.

‘आहे’च्या पुढे मालिनीच्या अक्षरात ‘त’ जोडला होता. आहेत.

निदान आदरार्थी बहुवचन तरी शिकवतायत.