कानबाईची चुंबळ

प्रिय पल्लवी वहिनी,

आईची तब्येत कशी आहे, एवढंच तू मेसेजमध्ये विचारलं होतंस. उत्तर फोनवर टाइप करायला बसले आणि खोडलं. म्हणून कागद घेतला.

आईला ऑस्टिओपोरोसिस आहे. हाडं आतून विरळ झाली आहेत. तपासणी मीच केली, कारण पर्वत पाटिया भागातल्या हॉस्पिटलात हाडांची घनता मोजायच्या मशीनवर मीच असते. रोज बायका येतात, मी त्यांना सरळ झोपवते, हलू नका म्हणते. आईलाही तेच म्हटलं. ती हलली नाही. नंतर एक्स-रेत पाठीचा एक मणका पुढून दबलेला दिसला.

तो कधी दबला, हे आम्हाला माहीत आहे. गेल्या श्रावणात, कानबाईला विसर्जनाला तापीवर नेताना. देवीचा चौरंग डोक्यावर घेऊन ती आपल्या बमरोलीच्या गल्लीतून निघाली, वळणावर बायका फुगड्यांसाठी थांबल्या आणि तिच्या पाठीत काहीतरी कट्कन झालं. ती कुणाला बोलली नाही. तशीच नदीपर्यंत गेली. पुढे कितीतरी दिवस कंबर धरली आहे म्हणत बाम चोळत राहिली. मग तिच्या साड्या पायात यायला लागल्या. तिला वाटलं, आपणच सैल नेसतो. साडी तीच होती. ती उंचीने कमी झाली होती.

डॉक्टरांनी कारणं सांगितली. पाळी लवकर गेली, ऊन अंगाला लागलं नाही, घरातलं दूध सगळं चहात गेलं. इतकी वर्षं खोलीत बसून साड्यांवर चमकीच्या टिक्क्या लावल्या, तेव्हा ऊन कुठून लागणार?

आता आठवड्याला एक गोळी आहे. सकाळी उपाशीपोटी, साध्या पाण्याबरोबर, आणि त्यानंतर अर्धा तास आडवं व्हायचं नाही. पहिली गोळी तिने चहाबरोबर घेतली. उपाशीपोटी औषध उष्ण पडतं म्हणे. तेव्हापासून आबा रात्रपाळीवरून आले की समोर खुर्ची टाकून पहाऱ्याला बसतात. झोप मला आली आहे आणि जागं बसवलं आहे तुला, म्हणतात. ती त्यांच्याकडे न बघता हसते. दादा गेल्यापासून घरात हसणं तेवढंच.

संध्याकाळी व्यायाम. खिडकीचे गज धरून टाचा उचलायच्या, हात न टेकता खुर्चीवरून उठायचं, भिंतीला पाठ लावून ताठ उभं राहायचं. टाचा टेकतात, पाठ टेकते, डोकं टेकत नाही. शेजारच्या शोभाबाईंनी टीव्हीवर बघून तिला वाकून अंगठे धरायला शिकवलं होतं. ते मी बंद केलं. अशा पाठीला पुढे वाकणंच धोक्याचं.

सांगितलेलं ती एकही दिवस चुकवत नाही. पेशंट इतकं नेमाने करत नाहीत, म्हणून मी कारण विचारलं. तिला या श्रावणात कानबाई पुन्हा डोक्यावर घ्यायची होती. मला सांगावं लागलं की औषधाने हाड थोडं भरेल, पडण्याची भीती कमी होईल, पण दबलेला मणका परत उभा राहणार नाही. डोक्यावर ओझं आता कधीच नाही. ती भिंतीशीच उभी होती. तिथून हलली नाही.

गेल्या श्रावणातला तो चौरंग आधी तुझ्या हातात होता. आपल्या घरात तो मान सुनेचा. दादाला कडोदऱ्याजवळ ट्रकने उडवलं, त्यानंतरचा तो पहिलाच श्रावण. आईने सगळ्या गल्लीसमोर चौरंग तुझ्याकडून काढून घेतला आणि स्वतःच्या डोक्यावर ठेवला. तू महिन्याभरात पारोळ्याला, माहेरी गेलीस. तिच्या पाठीचं तुला कळलंच नाही.

परवा व्यायाम करताकरता, गज धरलेले असतानाच ती म्हणाली, “मंग पल्लवीले बलाव. घरनी सून तीच शे.”

हे मनातून आलं की मणक्याने म्हणवलं, मला सांगता येत नाही. माफीचा शब्द तिने काढला नाही, आणि तो मी तिच्या वतीने लिहिणार नाही. तू नाही म्हणालीस तर मी तिला तसंच सांगेन, कारण विचारू देणार नाही. फक्त एक गोष्ट तुला माहीत असावी, म्हणून हे पत्र. तिने जुन्या लुगड्याची नवी चुंबळ वळून ठेवली आहे, चौरंगाखाली डोक्यावर ठेवायला. तिच्या डोक्याला ती मोठी होते. तुझ्या अंबाड्याच्या मापाची असावी. मी मोजून पाहिली नाही.

अजूनही तुझीच नणंद,
योगिता