पिवळ्या शर्टातला माणूस

अहो,

तुम्ही वर आहात, म्हणजे सगळं आधीच पाहिलं असेल. तरी लिहायला बसले, कारण पलीकडच्या तिलवारा गावातले लोक तिखटमीठ लावून सांगताहेत. खरं माझ्याकडून ऐका. परवा आपल्या वाटाण्यात हेलिकॉप्टर पडलं!

घाबरू नका, छोटंसंच होतं. आत कसलासा धोक्याचा दिवा लागला, म्हणून खबरदारी म्हणून शेतात उतरवत होते. मी सकाळीच पाणी दिलेलं. एक बाजू चिखलात रुतली आणि अख्खं धूड आडवं! आतल्या दोन्ही पोरांचं मात्र नुसत्या खरचटण्यावर निभावलं.

मी धावत गेले, तर पायलट वेलांत गुडघ्यांवर बसून काहीतरी शोधत होता. रडकुंडीला आलेला. "अम्माजी, यहाँ एक आदमी खड़ा था! पीली शर्ट में, हाथ फैलाए! कहाँ गया?"

मीही वेलांत शोधू लागले. मग हेलिकॉप्टरच्या पात्याला अडकलेली पिवळी चिंधी दिसली.

आठवतो ना तो शर्ट? हळदीला लाजवेल असा! प्रत्येक लग्नात तोच. मी विचारायची, "काहून घालून राहिले हो हे?" तर तुम्ही म्हणायचे, "माणूस दुरून दिसला पाहिजे!" मी आपली बायकांच्या घोळक्यात जाऊन लपायची. तुम्ही गेल्यावर बाकीचे कपडे दिले, हा कोणी घेईना. मग बुजगावण्याला चढवला. आणि खरं सांगू? रोज बांधावर गेलं की कोणीतरी उभं दिसायचं, बरं वाटायचं.

"बेटा, वो मेरे पति की शर्ट है," मी म्हटलं. झालं! पोरगं हुंदके देऊन रडायला लागलं. काय ही माझी अक्कल! हाताला धरून फुटकं मडक्याचं डोकं दाखवलं तेव्हा कुठे हसला. हसता हसता पुन्हा रडला.

चहा पिताना म्हणाला, "सूखी ज़मीन सामने थी. उन्हें बचाने को मशीन मोड़ी, तो कीचड़ में गई."

म्हणजे अपघात तुमच्यामुळे! पण तुम्हाला वाचवायला कोणी जीव पणाला लावला, हे ऐकून मला फार बरं वाटलं हो. दवाखान्यात मला काहीच करता आलं नव्हतं.

जाताना त्याने बुजगावण्याची काठी पुन्हा रोवली. मी काल कांचघरच्या शिंप्याकडे जाऊन बुजगावण्यासाठी तसलाच पिवळा शर्ट शिवायला टाकला. आणि आता वचन देते, पुन्हा कधी भेटलात, अगदी तोच शर्ट घालून आलात, तरी लपणार नाही. सगळ्यांदेखत तुमच्या शेजारी येऊन उभी राहीन.

दुरूनच ओळखेन म्हणा,
तुमची मालती