नंतर वाचायचे लेख

आबा, तुम्हाला जाऊन नऊ वर्षं झाली. तुमचं ते वाचायचं यंत्र काल कपाटातून काढून चार्जिंगला लावलं, तर चक्क सुरू झालं. पेपरातली बारीक अक्षरं तुम्हाला दिसेनात म्हणून मीच ते आणलं होतं. डेपोत जन्मभर एसटीची इंजिनं उघडलीत, पण याला हात लावताना काच फुटेल म्हणून घाबरायचात. जळगावला ऑफिसात बसून मी फोनवर एखादा लेख 'नंतर वाचू' म्हणून ठेवला, की तो धुळ्याला तुमच्या यंत्रात आपोआप उतरायचा, कारण खातं माझंच होतं. शेतीचे, इतिहासाचे लेख मी ठेवत राहिले आणि तुम्ही अक्षर मोठं करून वाचत राहिलात.

मग डॉक्टरांनी यकृताचा कॅन्सर सांगितला. दवाखान्याच्या जिन्यात दादाने आणि मी ठरवलं, आबांना कावीळ सांगायची. आपल्याकडे असंच करतात. माणूस नुसत्या नावानेच खचतो म्हणे. पुढचे काही दिवस दिसेल तो लेख मी ठेवत गेले. शेवटची अवस्था, किती महिने, वेदना कशा वाढतात. तेव्हा वाचायची हिंमत नव्हती, म्हणून नंतरसाठी. खातं एकच आहे हे माझ्या डोक्यातच आलं नाही. एवढी शिकलेली मी, आणि एवढी मूर्ख!

त्या थंडीत तुम्ही एकदाच भरीत मागितलंत. मी दटावलं, "कावीळ आहे आबा, तेलकट अजिबात नाही. बरे झालात की खा." तुम्ही माझ्याकडे बघितलंत आणि वरणभात कालवलात. हात धुताना विचारलंत, "पोरी, तू ते लेख ठेवस, ते बठ्ठा वाचस का?"

"सगळे वाचायला कुठला वेळ, आबा? वाचेन नंतर."

"मंग राहू दे. नको वाचू. त्यामा काही चांगलं नही शे."

मला वाटलं, राजकारणाबद्दल बोलताय.

तुम्ही गेल्यावर पुण्यानुमोदनाचा विधी आटोपला आणि मी यंत्र उघडलं. सगळे तेच लेख, मोठ्या अक्षरांत, शेवटच्या पानापर्यंत वाचलेले. तुम्हाला सगळं कळलं होतं, आणि आमचं खोटं उघडं पडू नये म्हणून तुम्ही मरेपर्यंत काविळीचं पथ्य पाळलंत. दादाला हे मी अजून सांगितलेलं नाही. आबा काही न कळता गेले, असं समजून तो निवांत आहे. हा कागदही त्याच्या हाती लागू देणार नाही.

काल त्यातला पहिला लेख उघडला आणि तीन ओळींनंतर बंद केला. तुम्ही एकट्याने ते सगळं वाचलंत, आबा. मला अजून एकही पुरा वाचवत नाही.