पीटरचा पंप आणि सहावी बाटली

वादी अदाई, मस्कत
१२ मे २०१४

प्रिय गुलबानू,

तुझे गुडघे, वजीरभाईंचा दमा आणि तुझ्या सासूबाईंची नव्वदीतली भूक, तिघांची खुशाली आधी कळव. आम्ही दोघे हयात आहोत. हे वाक्य मी दर पत्रात सवयीने लिहिते, या वेळी विचार करून लिहिते आहे. घाईत लिहिते आहे, तेव्हा अक्षर गोड मानून घे. (शाळेतल्या सिस्टर बेनेडिक्टाने हे अक्षर पाहिलं असतं तर पुन्हा गळ्यात पाटी अडकवली असती. मराठी बोललो म्हणून तिने पाटी अडकवली त्याला पन्नास वर्षं झाली, आणि त्या रागाने आपण अजून पत्रं मराठीत लिहितो.)

तुला पीटरची मोटरसायकल आठवते ना? लग्नानंतर आम्ही खाबुऱ्याला राहायचो, पीटर तिथल्या लाँड्रीत होता, आणि मस्कतच्या हॉटेलात नोकरी लागली तेव्हा त्याच्या अर्बाबने, म्हणजे मालकाने, निरोपाला दिलेली ती. तिच्यावर एका बाजूला पाय सोडून, मांडीवर टरबूज घेऊन बसलेल्या माझा फोटो तुला पाठवला होता. जूनअखेर आम्ही कायमचे वसईला येतो आहोत. त्याआधी एकदा मला मागे बसवून खाबुऱ्याला जायचं, आपलं पहिलं घर बघून यायचं, असं पीटरने ठरवलं. मी ठरवलं नव्हतं. एकसष्टाव्या वर्षी माझी कंबर काय सांगते ते मी त्याला सांगितलं, पण त्याने ऐकलं नाही, कारण त्या वेळी तो युट्यूब बघत होता.

गाडी चारदा आचके देऊन बंद पडली. या गाडीची पेट्रोलची टाकी खाली आहे, म्हणून पेट्रोल वर चढवायला छोटा विजेचा पंप असतो, आणि तो आतून झिजला होता. गॅरेजवाला म्हणाला, खलास, नवीन टाका, पण इथे मिळणार नाही. पीटरने ते मनाला लावून घेतलं. गुल, जो माणूस तेहतीस वर्षं चादरी धूत आला त्याला प्रत्येक यंत्र ही मळकी चादर वाटते. उन्हात काम होत नाही म्हणून त्याने गाडी हॉलमध्ये आणली. (तळमजल्यावर राहू नये म्हणतात ते चोरांमुळे नाही.) माझ्या नाताळच्या केकच्या वाडग्यात पंप पेट्रोलमध्ये भिजत घातला, ड्राय क्लीनिंग म्हणून. मग आतले विजेचे पॉइंट पॉलिश पेपरने घासत बसला, कॉलरवरचा डाग काढावा तसा, तीन दिवस. टाकीतलं पेट्रोल काढून पाण्याच्या पाच रिकाम्या बाटल्यांत भरलं आणि त्या ओळीने ठेवल्या घरातल्या देवाच्या ऑल्टरच्या टेबलाखाली, कारण तिथे सावली असते. त्याच ऑल्टरवर मी रोज संध्याकाळी मेणबत्ती लावून रोझरी म्हणत होते.

शनिवारी फादर डॅरेल घराला आशीर्वाद द्यायला यायचे होते. पीटर म्हणाला, जोडीला गाडीलाही देतील, मग त्यांच्यासमोरच चालू करतो. दुपारी त्याने पाचही बाटल्या टाकीत रिकाम्या केल्या, मोजून. ऑल्टरवर ईस्टरला आणलेलं माझं पवित्र पाणी होतं, तेही तसल्याच बाटलीत. अशी आपली माझी समजूत.

फादर पाचला आले. त्यांना धुळीची सर्दी, आणि आमची नाकं तर पेट्रोलच्या वासाने आठवडाभरात मेली होती. मी मेणबत्ती लावली. फादरनी बाटलीतलं पाणी वाटीत ओतलं, तुळशीची डहाळी बुडवली आणि प्रार्थना म्हणत सगळीकडे शिंपडलं: दारावर, सोफ्यावर, पीटरवर, माझ्या केसांवर. मग मेणबत्तीकडे वळले, आणि एक थेंब त्यांच्या ओठावर आला. ते थांबले. ओठ चाटला. डहाळी तशीच हातात धरून, मिस्सेत बोलतात त्याच संथ आवाजात म्हणाले,

"सबीना, ती मेणबत्ती बाहेर ने. फुंकू नकोस. पळू नकोस."

मी नेली. हॉलमधून दारापर्यंत सात पावलं आहेत. मी आयुष्यात एवढी हळू चालले नाही, लग्नात ऑल्टरपर्यंत गेले तेव्हाही नाही.

मी परत आले. मग पीटरने गाडीकडे पाहिलं, आणि मला कळलं की पवित्र पाणी कुठे गेलं. गाडी ढकलत बाहेर नेली, त्याने चावी फिरवली. पंप छान टक् टक् वाजला, गाडी दोनदा ठसकली आणि गप्प झाली. फादर म्हणाले,

"पीटर, मी बाहेरून करणार होतो ते तू आतून केलंस."

पीटर हसला नाही. माझ्या हातून बाटली बदलली असेल, चूक माझीच, असं म्हणाला आणि आत जाऊन माझ्या केसांसाठी टॉवेल घेऊन आला. दुसऱ्या दिवशी त्याने टाकी कोरडी केली, पंप पुन्हा उघडला, तेव्हा घासून घासून पातळ झालेला पॉइंट त्याच्या हातात तुटून आला. तेव्हापासून पीटर तो तुकडा खिशात ठेवून फिरतो. मी मात्र सुटले. खाबुरा रद्द.

सासूबाईंना माझा नमस्कार.

तुझीच,
सबीना

ता. क. वजीरभाईंच्या दुकानात जुन्या जपानी गाड्यांचे पंप असतात ना? फोटो सोबत जोडला आहे. चालता एक पाठव. आणि बायकांच्या डोक्याला बसेल असं हेल्मेटही, अंबाड्याला जागा असलेलं.

ता. क. दुसरा. फादर येणार म्हणून सकाळी ऑल्टर पुसलं ते मीच. माझी बाटली चकचकीत दिसावी म्हणून तिच्यावरची 'पवित्र' लिहिलेली चिठ्ठी धुऊन काढली, टेबल पुसेपर्यंत तिला खाली त्या पाचांच्या शेजारी ठेवली, आणि मग त्यातलीच एक उचलून वर ठेवली. काल कन्फेशनला गेले होते. फादरनी प्रायश्चित्त दिलं: पीटरला सांग. कधी, ते त्यांनी सांगितलं नाही. मी खाबुऱ्याला पोहोचल्यावर सांगणार आहे. तेव्हा पंप लवकर पाठव.