मीडियमची सुट्टी

१२ डिसेंबर, शुक्रवार

सदरा घरी आणला. बेडरूमच्या खुंटीला टांगला आणि सगळ्यांना बजावलं – हात लावायचा नाही, आणि धुवायचा तर मुळीच नाही!

दरवर्षी सांगावं लागतं. मांजरपाट आहे तो, कोरं खरबरीत कापड. आमच्या कारखान्यात कुठलाही शर्ट आधी मांजरपाटात शिवतात, माझ्या अंगावर टाचण्या लावून बसवतात, पेन्सिलीने खुणा करतात. मग त्यावरून पुठ्ठ्याचे नमुने कापायचे आणि वर्षभर त्यावरून मीडियम शर्ट काढायचे. म्हणजे मीडियम म्हणजे मी. स्मॉलचा माणूस वेगळा, लार्जचा वेगळा, पण खरा खप मीडियमचा!

पाच जानेवारीला कारखाना उघडला की कापणीचे मास्तर मला उभं करून माप घेणार. माप तेच राहिलं तर नवं वर्ष माझं. नाही राहिलं तर दुसरा मीडियम. निघताना मास्तर म्हणाले, "रोज सकाळी घालून बघत चला. सैल पडला तर खा, घट्ट झाला तर सोडा." मालकीणबाई नुसत्या माझ्या पोटाकडे बघत होत्या. लोक पोटासाठी नोकरी करतात, माझी नोकरीच पोटावर आहे.

१३ डिसेंबर

सासूबाई आल्या. सुट्टी संपेपर्यंत मुक्काम. सोबत डबेच डबे – केक, बिस्किटं, लोण्यात भाजलेलं काय काय! स्वयंपाकघरात उतरंड रचली. घरात पाऊल टाकल्या टाकल्या त्यांनी पायपुसणं धुवायला टाकलं. तो त्यांचा स्वभावच. दिसेल ते धुतात.

बरोबर मेहुणाही आलाय. त्याला आम्ही काडी म्हणतो. बाजूने उभा राहिला तर दिसत नाही. नोकरी नाही, लागली तर टिकत नाही. सासूबाईंचं एकच पालुपद – "माझ्या लेकराच्या अंगी म्हणून काही लागत नाही हो!"

सदरा सकाळी घातला. झकास बसला.

१५ डिसेंबर, सोमवार

उकडलेला कोबी. बाल्कनीत बसून खाल्ला. सुट्टीत मी टेबलावर बसतच नाही, डबे समोर असतात. ही म्हणाली, "अहो, एक दिवस तरी बसा ना आमच्यात. नुसतं बसा, खाऊ नका." नुसतं बसा म्हणे! विहिरीच्या काठावर उभं करून सांगायचं, पडू नका.

माझ्या वाटणीचा केक काडीने खाल्ला. "दाजी, तुमच्या नावानं खाल्ला," म्हणाला. मेल्याला लाज नाही.

१७ डिसेंबर

लार्जचा फोन आला. तोंडात घास. त्याची काय, चैनच! त्याला कमी होऊन चालत नाही. "कंटाळा आला रे," म्हणाला, "पण कामाचाच भाग आहे, काय करणार." मी फोन आपटला.

१८ डिसेंबर

सदरा जरा... नाही. श्वास जास्त घेतला असेल.

१९ डिसेंबर, शुक्रवार

घट्ट आहे! बटणांच्या जागी टाचण्या लावायच्या त्या पुढच्या पट्ट्या जेमतेम भेटतात. टाचणी लावताना पोटाला टोचली.

मी खाल्लं काय? कोबी, दोन गाजरं, बिनसाखरेचा चहा. कोबीनं कोणी फुगतं का? सासूबाईंना विचारलं तर म्हणाल्या, "जावईबापू, काही काही अंगांना हवासुद्धा लागते." त्या गमतीने म्हणाल्या. मी आज अर्धंच गाजर खाल्लं.

२१ डिसेंबर

बस स्टॉपवर एक गृहस्थ उभे होते. आमचा शर्ट. मी शिवण ओळखतो. पोटावरची बटणं अशी ताणलेली की दोन बटणांमधून बनियन डोकावत होतं. राहवलं नाही. विचारलं, "मीडियम का?"

"तुम्हाला काय करायचंय?"

"तुम्ही लार्ज आहात. उगाच माझं माप घालून फिरू नका. लोकांना वाटेल माप चुकलंय."

ते माझ्यापासून चार माणसं लांब जाऊन उभे राहिले. पण मी बरोबर होतो. उद्या मी सुटलो तर पुढच्या वर्षी शहरातले यच्चयावत मीडियम शर्ट ढगळ निघतील. कारकून, शाळामास्तर, पोलीस, सगळे पिशव्या घातल्यासारखे हिंडतील. आणि कोणाला कळणारही नाही, की हे सगळं एका केकच्या तुकड्यामुळे झालं!

२३ डिसेंबर, मंगळवार

आणखी घट्ट. हात वर केला की काखेत करकचतं. कापडही कसं कडक लागतंय. थंडीने असेल. पेन्सिलीच्या खुणा पुसट झाल्यात, माझ्या घामाने. भीतीचाच घाम तो.

आता मला कळलंय. वास! दिवसभर घरात लोण्याचा वास भरलेला असतो, तो नाकावाटे आत जातो आणि आत जाऊन बसतो. आजपासून नाकाला रुमाल. सासूबाईंनी दोनदा विचारलं, "माझ्या अंगाला वास येतो का?" मी म्हटलं, "तुमच्या नाही, केकच्या." तरी रुसल्याच.

२४ डिसेंबर

वासाने नसेल तर बघण्याने. रंगीत बिस्किटं बघितली की तोंडाला पाणी सुटतं. ते पाणी गिळलं की पोटातच जातं ना? मग! आजपासून स्वयंपाकघरात पाठमोरा शिरतो. काडीच्या पायावर पाय पडला. तो ओरडला, पण हातातली बशी सोडली नाही.

ही दारात उभी होती. डोळे भरले होते तिचे. मी विचारलं तर म्हणाली, "कांदा चिरत होते." हातात तर इस्त्री होती.

२५ डिसेंबर

भूक.

२६ डिसेंबर, शुक्रवार

टाचण्या लागतच नाहीत आता. दोन पट्ट्यांमध्ये बोटभर फट. आरशासमोर पोट आत ओढलं तर पाठीचा कणा पुढून दिसेल असं वाटलं. तरी फट आहेच! आरसाही खोटं बोलत असावा. अंगाला आरसा फसवेल, मांजरपाट नाही. असं आमचे मास्तर नेहमी म्हणतात.

खालच्या मजल्यावरच्या डॉक्टरीणबाई जिन्यात भेटल्या. "केवढे वाळलात हो! तपासून घ्या एकदा." किती गोड बोलतात माणसं! तोंडावर कोण म्हणेल, सुटलात म्हणून?

२८ डिसेंबर

पँट खाली येते. पट्ट्याला खिळ्याने नवं भोक पाडलं. म्हणजे कंबर वाळली आणि छाती फुगली? हे असं कुठे असतं का! बहुतेक कंबरेतलं सगळं वर सरकलंय.

काडी मात्र खुलत चाललाय. गालांना गाल आलेत. काल जिना चढताना दम लागला तर सासूबाईंना आनंदाने रडू आलं. माझं सगळं त्याच्याकडे जातंय – माझा केक, माझी साय, माझे बटाटे. मी नको म्हटलं की ताट तसंच त्याच्यापुढे. "दाजी, तुम्ही नसता तर मी उपाशी मेलो असतो," म्हणाला. हसावं का रडावं?

३१ डिसेंबर, बुधवार

दुपारी हिने टेबल मांडलं. फुलं ठेवली. माझं ताटही मांडलं. तिला म्हटलं, कशाला त्रास करून घेतेस, मी बाल्कनीत आहे. ती म्हणाली, "सदरा घट्ट होतोय ना? मग होऊ दे ना आता. सोडा की नाद. नाही जमत म्हणावं आणि बसावं चार घास खायला."

सोडा! नोकरी सोडा, मीडियम सोडा! मी चिडलो. म्हटलं, "शर्ट घालणाऱ्या जगाचा विचार आहे का तुला?" ती आत गेली. बाल्कनीतून ऐकू येत होतं – काडी हसतोय, सासूबाई वाढताहेत, खुर्च्या सरकताहेत. माझ्या पोटात कावळे नुसते कोकलत होते. काकडी खाल्ली. अर्धी.

१ जानेवारी

पाण्यानेही फुगत असावं. घोट मोजून पितो.

३ जानेवारी, शनिवार

सदऱ्यात हातच जात नाही. डोक्यावरून ओढून बघितला तर खांद्यापाशी अडकला, काढताना काडीला बोलवावं लागलं. आत डोकं, वर हात, आणि बाहेरून काडी ओढतोय! आतून मी त्याला शिव्या देत होतो, तो बाहेरून बिस्किट खात होता, चुरा माझ्या मानेवर पडत होता.

गेली नोकरी. संपलं सगळं. हिला तसं म्हटलं तर ती काहीतरी बोलायला आली आणि तशीच परत फिरली.

५ जानेवारी, सोमवार

काय लिहू आणि कसं लिहू!

पायात बळ नव्हतं म्हणून काडीने स्कूटरवरून सोडलं. तोही आत आला, मला धरून. मालकीणबाई, मास्तर, कापणीचे सगळे लोक उभे. मी पिशवीतून सदरा काढला आणि आधीच सांगून टाकलं, "मास्तर, माफ करा. मी सुटलो."

मास्तरांनी माझ्याकडे वरून खाली पाहिलं. मग सदरा हातात घेतला. बोटांनी चाचपला, नाकाला लावला. त्यांचा चेहराच उतरला.

"हा धुतला कोणी?"

"धुतला?"

"अहो, साबणाचा वास येतोय! मांजरपाट धुतात का कधी? कोरं कापड ते, पाणी लागलं की आटतं. हा तर उकळून काढलाय. आमच्या नातवाला होईल आता!"

मग मूळचे पुठ्ठे काढून त्यांनी नवा सदरा टाचला आणि मला चढवला. माझ्या अंगावर तो खुंटीवर टांगल्यासारखा लोंबत होता. एकेका बाजूला मूठभर कापड जास्त. म्हणजे मी सुटलो नव्हतोच! सदरा लहान होत गेला आणि मी वेड्यासारखा त्याच्यामागे वाळत गेलो! स्मॉल पलीकडे उभा होता, तो घाईघाईने म्हणाला, "माझी जागा भरलेली आहे हं!"

मी म्हटलं, "महिनाभर द्या, भरून येतो." मालकीणबाई म्हणाल्या, "कापणी उद्या आहे." आणि मग मास्तरांची नजर दाराकडे गेली. काडी तिथे टेकून उभा होता, तोंड चालू.

"हा कोण?"

"मेहुणा माझा."

"इकडे ये रे. सरळ उभा राहा. तोंडातलं गिळ आधी."

सदरा त्याच्या अंगावर चढवला. टाचणी न् टाचणी जागच्या जागी! कुठे सुरकुती नाही, कुठे ओढ नाही. मास्तर त्याच्याभोवती फिरले, मागे गेले, पुढे आले. पुठ्ठा धरून बघितला. मग मान हलवत म्हणाले, "हुबेहूब." मालकीणबाईंनी तर टाळीच वाजवली.

मला म्हणाल्या, "तुम्ही पॅकिंगला या." घड्या घालायच्या. त्याच्या मापाच्या शर्टांच्या.

घरी आलो आणि सासूबाईंवर असा ओरडलो की खालचे लोक जिन्यात आले. पायपुसणं धुता, पडदे धुता, माझी भाकरी पण धुवून टाकलीत! त्या म्हणाल्या, "देवाशपथ, मी नाही हात लावला." मी म्हटलं, "मग काय सदरा आपला आपण आंघोळीला गेला?" त्यांनी पदर तोंडाला लावला आणि आत गेल्या. ही भिंतीला टेकून उभी होती.

६ जानेवारी

काडी कामावर गेला. गेला तो वेळेवर, दाढी करून! संध्याकाळी सासूबाईंनी केक पुढे केला तर हात जोडून म्हणाला, "आई, नको. जबाबदारी आहे माझ्यावर." आणि उकडलेला कोबी घेऊन बाल्कनीत जाऊन बसला. माझ्या खुर्चीवर.

सासूबाई माझ्याशी बोलत नाहीत. बॅग भरून ठेवलीय.

७ जानेवारी, बुधवार

ही भांडी विसळत होती. पाठमोरीच म्हणाली, "आईला बोललात ते परत घ्या. सदरा मी धुवत होते. दुपारी तुम्ही झोपलात की गरम पाण्यात. इस्त्री करून परत खुंटीला. वाटलं, घट्ट झाला की हात टेकाल. लग्न झाल्यापासून एका सुट्टीत तरी माझ्यासमोर बसून जेवाल. तुम्ही आणखी उपाशी राहाल असं कुठे वाटलं होतं हो मला? मग सांगायची हिंमतच होईना."

असा राग आला की उठून उभाच राहिलो. राग होता का भूक, कोण जाणे. तीही वळली. हाताला साबणाचा फेस तसाच. केवढी घाबरली होती!

मी टेबलापाशी खुर्ची ओढली. म्हटलं, "काय उरलंय?"

ती म्हणाली, "सगळंच."